अप द रिव्हर (१९३०) : पळून जाऊन परत येणारे कैदी

आडवाटेचा

शनिवारी रात्री बाबांबरोबर 'अप द रिव्हर' पाहिला. १९३० चा, फॉक्स स्टुडिओचा, दिग्दर्शक जॉन फोर्ड. स्पेन्सर ट्रेसीचा हा पहिलाच मोठा चित्रपट, आणि ट्रेसी व हम्फ्री बोगार्ट एकत्र दिसतात तो हा एकमेव.

गोष्ट थोडक्यात (रहस्य फुटेल, पण ९० वर्षांहून जुन्या सिनेमाचं काय राखून ठेवायचं): सेंट लुई नावाचा रुबाबदार गँगस्टर आणि डॅनेमोरा डॅन नावाचा त्याचा मठ्ठ साथीदार तुरुंगातून पळतात, भांडतात आणि पुन्हा आत येतात. आत स्टीव्ह नावाचा चांगल्या घरातला पोरगा आहे, तो बोगार्ट. त्याचं बायकांच्या विभागातल्या ज्यूडीवर प्रेम बसतं. स्टीव्ह सुटून घरी जातो, तर ज्यूडीला फशी पाडणारा भामटा त्याच्या मागे लागतो. हे कळल्यावर आपले दोघे तुरुंगातल्या करमणुकीच्या कार्यक्रमाच्या गडबडीत पळतात, स्टीव्हची सुटका करतात आणि परत येतात. का? तर शेजारच्या तुरुंगाशी बेसबॉलची मॅच आहे आणि हे दोघे संघात आहेत!

आता अडचण अशी की बाबा ३४ वर्षं तुरुंग खात्यात होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "हे लोक संध्याकाळची गिनती घेत नाहीत का?" पुढे दर प्रसंगाला तेच. वॉर्डनची चिमुरडी मुलगी कैद्यांमध्ये बागडताना पाहून त्यांनी नुसतं "अरेरे" म्हटलं. शेवटची वीस मिनिटं उरली असताना ते झोपायला गेले.

मला मात्र सिनेमा खोटा वाटला नाही. तपशिलात खोटा असेल, पण त्या दोघांना बाहेर कुणी नाही, आहे ते सगळं आतच, हे त्यात बरोबर उतरलंय. तुम्हाला काय वाटतं? तुरुंगाचा सिनेमा हसतखेळत केलेला पटतो का?

अर्धा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. बाबांना दंडवत.

ठिपका

'अप द रिव्हर' म्हणजे नेमकं काय? नदीच्या वरच्या अंगाला? सिनेमात नदी आहे का?

हडसनकाठी

@ठिपका, नदी म्हणजे आमची हडसन. न्यूयॉर्क शहरात शिक्षा झाली की कैद्याला नदीच्या वरच्या अंगाला, साधारण ५० किलोमीटरवर, सिंग सिंग तुरुंगात न्यायचे. त्यावरून 'नदीवर धाडला' म्हणजे तुरुंगात गेला. गंमत म्हणजे सिनेमातला तुरुंग हडसनवर नाहीच. तोवर कुठलाही तुरुंग 'नदीवरच' असायचा. डॅनचं नावही असंच आलंय. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला डॅनेमोरा गाव आहे आणि तिथला तुरुंग त्या नावानेच ओळखला जातो.

मी रोज हडसन लाइनच्या गाडीने ग्रँड सेंट्रलला जातो. ऑसिनिंगला रूळ चक्क तुरुंगाच्या आवारातून जातात. दोन्हीकडे भिंती, वर टेहळणीचे मनोरे. डब्यात सगळे फोनमध्ये बुडालेले असतात, मान कुणी वर करत नाही. पहिल्या आठवड्यात मी करायचो. गावाचं नावही आधी सिंग सिंगच होतं. त्या नावाने गावचा माल खपेना, लोकांना वाटायचं कैद्यांनी केलाय. म्हणून १९०१ साली गावाने नाव बदलून ऑसिनिंग करून घेतलं.

शेवंता_पुणे

म्हणजे आमचं येरवडा! फक्त आमच्याकडे 'याला येरवड्याला धाडा' म्हटलं की तुरुंग की वेड्यांचं इस्पितळ, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

कोकणकडा

मराठीत नाव ठेवायचं झालं तर 'बिनभाड्याची खोली'.

अर्धा_चहा

'सरकारी पाहुणे'. किंवा शेवटी परत येतात म्हणून 'माहेरपण'.

सौ_साळुंखी

अर्धा_चहा, 'माहेरपण' ऐकून हसून हसून पुरेवाट. पोस्टरवर बोगार्ट हळदीकुंकवाची पिशवी घेऊन.

रिळवाला

आला का विषय! जरा लांबण लागणार आहे, चहा करून घ्या.

हा सिनेमा विनोदी व्हायचाच नव्हता. १९२९-३० मध्ये अमेरिकेत तुरुंग रोज पेपरात होते. जुलै १९२९ मध्ये आधी डॅनेमोराला आणि मग न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑबर्नच्या तुरुंगात दंगल झाली, डिसेंबरात ऑबर्न पुन्हा पेटलं. प्रत्येक स्टुडिओला तुरुंगाचा सिनेमा हवा होता. फॉक्सने मॉरिन वॉटकिन्सकडून गंभीर पटकथा लिहून घेतली. ही तीच बाई, जिने शिकागोत वार्ताहर म्हणून १९२४ चे गाजलेले खुनाचे खटले लिहिले आणि त्यांवरून 'शिकागो' हे नाटक केलं. २००२ च्या ऑस्करवाल्या 'शिकागो'चं मूळ तेच.

तेवढ्यात एमजीएमने 'द बिग हाउस' आणला. दाटीवाटीच्या कोठड्या, भोजनगृहातला उद्रेक, शेवटी रणगाडे. लेखिका फ्रान्सिस मॅरियन. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं, लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई. आता त्यानंतर फॉक्सने तेच काय दाखवायचं? मग फोर्डने विनोदाची वाट धरली. नंतरच्या मुलाखतीत त्याने सांगितलंय की मूळ पटकथा भिकार होती, मी आणि विल्यम कॉलियर यांनी ती बदलली. कॉलियर म्हणजे सिनेमात म्हातारा कैदी 'पॉप' झालेला नट. फोर्डच्या मुलाखतींवर किती विसंबायचं हा वेगळा प्रश्न. समोरच्याला फिरवण्यात त्याला विलक्षण आनंद व्हायचा.

ट्रेसीची कथा त्याहून मजेची. तो तेव्हा ब्रॉडवेवर 'द लास्ट माइल' नाटकात फाशीच्या कोठडीतला कैदी करत होता, किलर मिअर्स. अंगावर काटा आणणारी भूमिका. ती पाहून फोर्डने त्याला उचलला आणि या हलक्याफुलक्या सिनेमात टाकला! नाटकातून रजा काढून ट्रेसी आला आणि काम उरकून परत गेला. म्हणजे संध्याकाळी रंगमंचावर मरणाच्या दारात उभा राहणारा माणूस पडद्यावर तुरुंगात सासुरवाडीला आल्यासारखा फिरतोय. या नाटकाच्या लॉस एंजेलिसच्या प्रयोगांत तीच भूमिका क्लार्क गेबलने केली आणि तोही त्यातूनच सिनेमात शिरला.

गारवेल

रिळवाला, माहिती छान. पण मी जरा विरजण घालते.

तुम्ही १९२९ च्या दंगली सांगितल्या, १९३० चं नाही सांगितलंत. २१ एप्रिल १९३० ला कोलंबसच्या ओहायो पेनिटेन्शरीत आग लागली आणि ३२२ कैदी मेले. कित्येक जण कुलूपबंद कोठड्यांतच गुदमरले. हा सिनेमा त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. वर ज्या सिंग सिंगवर आपण माहेरपणाचे विनोद करतोय तिथे विजेच्या खुर्चीत एकूण ६१४ माणसं मारली गेली. मला बेसबॉल, बँड, वॉर्डनची गोड मुलगी हे पाहून आतून कसंतरी होतं.

आणि करमणुकीच्या कार्यक्रमात गोरे कैदी कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून तोंडाला काळं फासून नाचतात, त्याबद्दल धाग्यात कुणी अवाक्षर काढलेलं नाही. तेव्हा सर्रास चालायचं हे मान्य. पण म्हणून मी हसू शकत नाही.

कोकणकडा

काळं फासण्याबद्दल अनुमोदन. मी तेवढा भाग पुढे ढकलला.

बाकीच्याबद्दल नाही. आगीच्या वर्षात लोकांनी हसायचं नाही का? मंदी सुरू झालेली, अर्ध्या प्रेक्षकांच्या नोकऱ्या डळमळीत. त्यांना 'द बिग हाउस'ही पाहायचा होता आणि हाही.

गारवेल

हसायचं नाही असं म्हटलेलं नाही. कशावर हसतोय ते बघावं, एवढंच. जाड्या-रड्याचा 'पार्डन अस' मला चालतो, कारण तो तुरुंगावर हसतच नाही, तुरुंगाच्या सिनेमांवर हसतो.

सौ_साळुंखी

अय्या, 'पार्डन अस'! लॉरेलचा तो हलणारा दात! बोललं की दातातून 'पुर्र' असा आवाज निघतो आणि समोरच्याला वाटतं हा आपल्याला वेडावतोय. मुळात ते आत जातात तेही दारूबंदीत घरची बिअर विकायला जाऊन, आणि विकतात कुणाला तर पोलिसाला. १९३१ चा. त्यांचा पहिला मोठ्या लांबीचा.

आमच्या मुलांना दाखवला होता. धाकटा दोन दिवस शाळेत तो आवाज काढत होता, चिठ्ठी आली.

ठिपका

पोलिसाला बिअर! उद्याच पाहतो.

अर्धा_चहा

दारूबंदीवरून आठवलं, एडवर्ड जी. रॉबिन्सनचा 'अ स्लाइट केस ऑफ मर्डर' (१९३८) बघाच. दारूबंदीत चोरून बिअर विकून गब्बर झालेला गँगस्टर. १९३३ मध्ये बंदी उठते, हा म्हणतो आता आपण सभ्य माणूस, कायदेशीर कारखानदार. पण याची बिअर इतकी भयंकर असते की दुसरी मिळायला लागल्यावर कुणी तोंडाला लावत नाही. साहेबांनी स्वतः कधी चाखलेलीच नसते! हाताखालचे सगळे जाणून असतात, सांगायची हिंमत कुणाचीच नाही. त्यात वरच्या खोलीत चार प्रेतं.

शेवंता_पुणे

साहेबाची बिअर कुणी वाईट म्हणत नाही, हे आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये लावायला हवं.

रिळवाला

त्याच जोडीने, म्हणजे रॉबिन्सन आणि दिग्दर्शक लॉइड बेकन, १९४२ साली 'लार्सनी, इंक.' केला. तो या धाग्याला जास्त लागू. सिंग सिंगमधून सुटलेले भुरटे बँकेशेजारचं बॅगांचं दुकान विकत घेतात, तळघरातून बँकेत भुयार खणायचं म्हणून. पण गिऱ्हाईक हटेना! ब्रॉडरिक क्रॉफर्ड खाली खणतोय आणि वर रॉबिन्सन वैतागून मिळेल त्या भावात बॅगा विकतोय, तर खप आणखी वाढतो. आजूबाजूचे दुकानदार याला पुढारी मानायला लागतात. तिथेही गंमत तीच, माणसाला बाहेर 'आपलं' कुणी मिळालं की चोरीत मन लागत नाही.

ठिपका

मला एक खटकलं. यातला बोगार्ट बोगार्टसारखा दिसतच नाही. गुळगुळीत चेहरा, लाजरं हसू. मी निम्मा सिनेमा तो कधी पिस्तूल काढतो याची वाट पाहत होतो.

रिळवाला

तेव्हा कुणालाच तो बोगार्ट असल्याचं माहीत नव्हतं, त्यालाही नाही. फॉक्सने वापरला आणि सोडून दिला. तो पुन्हा नाटकाकडे गेला. 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' नाटकातला ड्यूक मँटी गाजला, लेस्ली हॉवर्डने हट्ट धरला की सिनेमातही हाच हवा, आणि १९३६ पासून वॉर्नर स्टुडिओने त्याला पुढची काही वर्षं गुंडच करायला लावलं. म्हणजे तुरुंगात सुरुवात केलेला सज्जन पोरगा बाहेर येऊन गुंड झाला, आणि गँगस्टर झालेला ट्रेसी १९३८ च्या 'बॉइज टाउन'मध्ये पाद्री होऊन ऑस्कर घेऊन गेला.

दोघे पुढे जिवलग मित्र. १९५५ च्या 'द डेस्परेट अवर्स'मध्ये पुन्हा एकत्र येणार होते, पण पाटीवर पहिलं नाव कुणाचं यावर अडलं. दोघेही हटेनात. ट्रेसीच्या जागी फ्रेडरिक मार्च आला.

कोकणकडा

पंचवीस वर्षांची मैत्री आणि पाटीवरचं नाव. आमच्या वाडीतल्या गणेशमंडळाच्या पत्रिकेत दर वर्षी हेच होतं.

सौ_साळुंखी

ज्यूडी झालेली क्लेअर लूस म्हणजे 'द विमेन' नाटक लिहिणारी ना, नंतर राजदूत झालेली?

रिळवाला

नाही ताई, सगळे इथेच फसतात. ती क्लेअर बूथ लूस. ही नर्तकी आणि नाटकातली नटी. १९३२ ला ब्रॉडवेच्या 'गे डिव्होर्स'मध्ये फ्रेड अस्टेअरबरोबर नाचली ती हीच.

अर्धा_चहा

माझ्या प्रतीत मध्येच माणसं उड्या मारतात. वाक्य सुरू होतं आणि संपायच्या आत दुसरं. इंटरनेट गंडलंय की सिनेमा?

रिळवाला

सिनेमा. जी प्रत उरली तिचीच चाळण झालेली आहे, चौकटी गळाल्यात. काही विनोद अर्धेच पोचतात. मला तर वाटतं त्यामुळे ट्रेसी आणखी चपळ वाटतो, पण हे माझं वेड झालं.

गारवेल

तुरुंगात बेसबॉलचे संघ, दुसऱ्या तुरुंगाशी सामने, हे तरी खरं की तेही फोर्डच्या मुलाखतीसारखंच?

हडसनकाठी

खरं, आणि सिनेमापेक्षा भारी.

थॉमस मॉट ऑस्बर्न नावाचा एक श्रीमंत गृहस्थ १९१३ मध्ये 'टॉम ब्राउन' नाव घेऊन आठवडाभर ऑबर्नच्या तुरुंगात कैदी म्हणून राहिला. बाहेर आल्यावर त्याने कैद्यांची म्युच्युअल वेल्फेअर लीग काढायला लावली, काही बाबतींत कैद्यांनी स्वतःचा कारभार स्वतः बघायचा. पुढे तो सिंग सिंगचा वॉर्डन झाला, लीग तिकडेही गेली. १९२० पासून १९४१ पर्यंत लुईस लॉज वॉर्डन होता, त्याने खेळ आणखी वाढवले. १९२९ मध्ये न्यूयॉर्क यँकीज सिंग सिंगच्या संघाशी खेळायला आले होते. खुद्द बेब रूथ, बेसबॉलचा तेव्हाचा सर्वांत गाजलेला खेळाडू! त्याने चेंडू तुरुंगाच्या भिंतीपार मारला, आणि तो किती लांब गेला याची दंतकथा अजून वाढतेच आहे. त्या दिवशी सिंग सिंगमधून बाहेर पडायची परवानगी फक्त चेंडूला होती.

१९३१ पासून फुटबॉलचा संघही होता, नाव 'ब्लॅक शीप'. त्यातला अलाबामा पिट्स दरोड्याची शिक्षा भोगत होता. १९३५ ला सुटला तर ऑल्बनीच्या बेसबॉल संघाने त्याला करारावर घेतलं. बेसबॉल लीगवाले म्हणाले, गुन्हेगार नको. पेपरांत रान उठलं, लॉज त्याच्या बाजूने उभा राहिला आणि शेवटी बेसबॉलचे आयुक्त जज लँडिस यांनी परवानगी दिली. पुढचं दुःखाचं आहे. मोठा खेळाडू काही तो झाला नाही, आणि १९४१ मध्ये एका नाचघरातल्या भांडणात सुऱ्याने मारला गेला. तुरुंगात नव्हे, बाहेर.

त्यामुळे गारवेल, ६१४ खरे आणि बेब रूथही खरा. एकाच भिंतीच्या आत.

गारवेल

पिट्सचं माहीत नव्हतं. याच्यावर वेगळा लेख लिहा ना.

शेवंता_पुणे

अवांतर: आपल्याकडचा कैद्यांवर विश्वास ठेवायचा प्रयोग म्हणजे औंध संस्थानातलं स्वतंत्रपूर, आटपाडीजवळ, १९३९. मॉरिस फ्रीडमनची कल्पना. शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) त्यावरूनच. तिथेही पळायला निघालेले कैदी परत येतात. पण बापूंच्या कैद्यांना जेलरचे डोळे परत आणतात, फोर्डच्या कैद्यांना मॅच.

कोकणकडा

आणि आपला विनोदी तुरुंग म्हणजे 'शोले'तले असरानी. आधे इधर, आधे उधर. गिनती तिथेच चुकली!

आडवाटेचा

धागा भरकटला नाही, नदीच्या वर वर गेला. सगळ्यांचे आभार. गारवेलताई, काळं फासण्याचा उल्लेख मी करायला हवा होता, चुकलंच.

काल संध्याकाळी हडसनकाठींचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बेब रूथ त्यांना माहीत नाही, पण वॉर्डन २१ वर्षं एका जागी राहिला हे ऐकून म्हणाले, "बदली नाही? भाग्यवान आहे." मग थोड्या वेळाने आपणहून सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या एका पोस्टिंगला जिल्ह्याच्या ठिकाणी एक जन्मठेपेचा कैदी होता. पखवाज वाजवायचा. त्याच्या जिवावर बराकीचं भजनी मंडळ उभं होतं. तो फर्लोवर गावी गेला. गोकुळाष्टमीला आत भजन असायचं आणि तो काही त्या दिवशी असणार नव्हता, म्हणून मंडळी सुतकात. तर हा गडी रजा संपायच्या दोन दिवस आधी गेटवर हजर. बाबा तेव्हा गेटवर ड्यूटीला होते. "अरे, रजा आहे अजून, जा घरी." तर म्हणाला, "घरी कोण आहे साहेब? भावजय दोन वेळा वाढते आणि दार लोटून घेते. इथे पखवाजाला शाई लावायचीय." वरिष्ठांना विचारून आत घेतला.

मी म्हटलं, मग हाच तर सिनेमा आहे! बाबा म्हणाले, "तो गेटमधून आला. तुझे ते दोघे भिंतीवरून."

सौ_साळुंखी

शाई लावायचीय... काय बाई एकेक.

गारवेल

हे वाक्य फोर्डला मिळायला हवं होतं. माझं सगळं पहिलंच मत कायम, पण हे पटलं.

अर्धा_चहा

मग उरलेली वीस मिनिटं पाहिली की नाही बाबांनी?

आडवाटेचा

पाहिली, आज दुपारी. दोघे धावत येऊन मैदानात शिरले तेव्हा खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. मॅच कोण जिंकतंय याच्याकडे अजिबात लक्ष नव्हतं. रांगेतली माणसं बोटाने मोजल्यासारखं करून म्हणाले, "जुळली. गिनती जुळली. आता बंद कर."

ठिपका

😂😂 'पार्डन अस' दाखवा त्यांना आता. दाताचा आवाज सहन करतील का ते मात्र विचारून घ्या.